आतला शेक कधी लागतो?

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी मावशीचे पंचवीस शेक, म्हणजे रेडिएशनच्या पंचवीस खेपा, पूर्ण झाले त्या शुक्रवारी आम्ही घरी पेढे आणले. ती देवासहून आमच्याकडे, इंदूरला लोकमान्य नगरात, पाच आठवडे राहायला आली होती. सोमवार ते शुक्रवार रोज सकाळी रिक्षाने हॉस्पिटल, मशीनखाली दहा मिनिटं, आणि आठवड्यातून एकदा सलाईनमधून केमो. रक्त जायचं थांबलं होतं, ओटीपोटातलं दुखणं कमी झालं होतं, दोन घास जास्त जात होते. शनिवारी तिला सरवटे स्टँडवरून देवासच्या बसमध्ये बसवून दिलं.

तिच्या पिशवीतल्या कागदावर, औषधांच्या यादीखाली, घाईघाईत चार इंग्रजी अक्षरं लिहिलेली होती: आय, सी, बी, टी. पुढे एक तारीख. ती तारीख आम्ही तपासणीची समजलो, आणि मावशीला बरं वाटत होतं म्हणून आम्हीच ती पुढे ढकलली. त्या चार अक्षरांचा अर्थ आम्हाला हॉस्पिटलात कोणी सांगितला नाही, आणि आम्हीही विचारला नाही. बारा दिवसांनी ती रक्तदाब दाखवायला देवासच्या तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी कागद वाचला आणि तिथूनच मला फोन लावला, "अहो, यांचा आतला शेक राहिलाय. उद्याच्या उद्या घेऊन जा."

हा लेख त्या चार अक्षरांबद्दल आहे. कॅन्सरमध्ये रेडिएशन आतून का देतात, कधी देतात, कोणाला देतात, हे मला तेव्हा कोणीतरी असं बसून सांगायला हवं होतं.

आधी शब्दाचं पाहू. रेडिएशनला आपल्याकडे शेक म्हणतात, वॉर्डातले हिंदी बोलणारे सिकाई म्हणतात, महाराष्ट्रातले नातेवाईक 'लाईट दिली का' असं विचारतात. तिन्ही शब्द चालून जातात, पण शेक म्हटलं की उष्णता डोळ्यांपुढे येते, आणि यात उष्णता नसते. हे किरण पेशीच्या आतल्या डीएनएची मोडतोड करतात. निरोगी पेशी ती मोडतोड बऱ्यापैकी दुरुस्त करतात, कॅन्सरच्या पेशींना ते तितकं जमत नाही, आणि पुढे दुप्पट होताना त्या मरतात. बाहेरच्या मशीनमधून किरण सोडले तर तो बाहेरचा शेक. किरण देणारा पदार्थच गाठीत, गाठीशेजारी किंवा रक्तातून थेट गाठीपर्यंत पोचवला तर तो आतला शेक. यातल्या पहिल्या दोन प्रकारांना, म्हणजे गाठीत किंवा गाठीला लागून पदार्थ ठेवण्याला, डॉक्टर ब्रॅकीथेरपी म्हणतात. 'ब्रॅकीस' हा ग्रीक शब्द, अर्थ 'आखूड, जवळचं'. आयसीबीटी म्हणजे शरीरातल्या नैसर्गिक पोकळीत नळी ठेवून जवळून दिलेलं रेडिएशन.

आता मुख्य प्रश्न. पंचवीस वेळा बाहेरून दिल्यावर आतून पुन्हा कशासाठी?

याचं उत्तर साध्या बेरजेत आहे. रेडिएशन ग्रे या एककात मोजतात. मावशीला रोज २ ग्रे, असे २५ दिवस, म्हणजे ५० ग्रे बाहेरून मिळाले होते. गर्भाशयाच्या मुखावरची गाठ मुळासकट जायची तर तिला एकंदर ८० ग्रेच्या आसपास किंवा त्याहून जास्त मात्रा लागते. मग बाहेरूनच अजून १५ दिवस का देत नाहीत? कारण त्या जागी गाठ एकटी नसते. पुढे मूत्राशय चिकटलेलं, मागे गुदाशय, वर लहान आतड्याची वेटोळी. लहान आतड्याची सोसण्याची ताकद ५० ग्रेच्या आसपास संपते. बाहेरून येणारा किरण त्वचेतून शिरतो, वाटेतलं सगळं ओलांडतो आणि पलीकडून बाहेर पडतो. त्याच वाटेने ८० दिले तर गाठीआधी आतडं जाईल.

म्हणजे गाठीला ८० हवेत आणि शेजाऱ्यांना ५० च्या फार पुढे सोसवत नाही. मधले ३० आणायचे कुठून? ते आतून येतात. मावशीला आतून ७ ग्रे असे तीन वेळा दिले. तीन सत्ते एकवीस होतात, तीस नाही, असं मी डॉक्टरांना म्हटलंही. त्यांनी समजावलं की एका दमात दिलेले ७ ग्रे हे दोन-दोन करून दिलेल्या ७ पेक्षा पेशीला जास्त भारी पडतात. तो भार धरून हिशोब केला की २१ चे साधारण ३० भरतात.

पण आतून दिलेलं शेजाऱ्यांना कसं लागत नाही? इथे अंतर कामाला येतं. इंदूरच्या जानेवारीत अंगणात शेगडी पेटवली की जवळ बसलेल्याचे तळवे भाजतात आणि फाटकाशी उभ्या असलेल्याला गारठाच. किरणांचंही तसंच, आणि त्यांचा उतार मोजता येतो. उगमापासून, म्हणजे किरण देणाऱ्या पदार्थापासून, १ सेंटीमीटरवर जेवढी मात्रा, त्याची २ सेंटीमीटरवर चौथाई राहते, ३ वर नववा हिस्सा आणि ५ सेंटीमीटरवर पंचविसावा. गाठीच्या मध्यभागी उगम ठेवला तर गाठीला भरपूर मिळतं, बोटभर पलीकडच्या मूत्राशयाला पुष्कळ कमी, आणि पोटातल्या बाकीच्या आतड्याला नगण्य. बाहेरच्या शेकात हा उतार एवढा तीव्र मिळत नाही.

गर्भाशय या कामासाठी जणू घडवलेलं आहे. तिथे नळी जायला निसर्गाचीच वाट आहे, आणि गर्भाशयाची भिंत खूप मोठी मात्रा सोसू शकते. शिवाय लघवी साठली की गर्भाशय जागचं हलतं, म्हणून बाहेरून नेम धरताना भोवती जास्तीची जागा घ्यावी लागते. आत बसवलेली नळी गाठीबरोबरच हलते, त्यामुळे नेम चुकत नाही.

'आता मशीन इतकी अचूक आलीत, मग बाहेरूनच नेमकं देऊन टाका ना,' असं म्हणणारे नातेवाईक मी वॉर्डात पुष्कळ पाहिले. अमेरिकेत हे काही ठिकाणी झालं होतं. आतल्या शेकाऐवजी आधुनिक मशीनने बाहेरूनच जास्तीची मात्रा देण्याकडे कल वाढला. नंतर हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा आतला शेक न मिळालेल्या बायका कमी जगल्याचं दिसलं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर शस्त्रक्रियेच्या टप्प्यापुढे गेलेला असेल, तर आतला शेक हा त्या उपचाराचा उत्तरार्धच आहे. भारतातल्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरखालोखाल हाच कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो. धार, झाबुआ, खरगोनहून इंदूरला येणाऱ्या किती जणी रक्त थांबलं म्हणून पंचवीस शेकांनंतर घरी निघून जात असतील, हा विचार मला अजूनही बेचैन करतो.

त्यात घड्याळही असतं. पहिल्या बाहेरच्या शेकापासून शेवटच्या आतल्या शेकापर्यंत सगळं आठ आठवड्यांच्या आत संपावं असा दंडक आहे, कारण मध्ये खंड पडला की उरलेल्या पेशी जोमाने वाढायला लागतात. आमचं सगळं संपेपर्यंत दहावा आठवडा उजाडला. ते दिवस आता परत आणता येत नाहीत.

खोलीत नेमकं काय होतं, तेही सांगते. भीती बहुतेक वेळा तिथेच असते.

आदल्या रात्री हलकं जेवण, सकाळी पोट साफ करण्याचं औषध, अंगावर हॉस्पिटलचा झगा. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला. लघवीची नळी घातली. मग डॉक्टरीणबाईंनी योनिमार्गातून एक बारीक, टोकाशी किंचित वाकलेली पोकळ नळी गर्भाशयात सरकवली आणि तिच्या दोन्ही बाजूंना, मुखाशी, गोलसर टोकांच्या आणखी दोन नळ्या बसवल्या. यांना ॲप्लिकेटर म्हणतात. भोवती गॉजच्या लांब पट्ट्या दाबून भरल्या, म्हणजे मूत्राशय आणि गुदाशय जेवढे लांब ढकलता येतील तेवढे ढकलले जातात. शेगडीपासून मुलांना मागे सरकवतो ना, तसं. इथवर किरणांचा पत्ताच नसतो. नळ्या रिकाम्या असतात.

मग सीटी स्कॅन. त्यावर डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ मिळून कॉम्प्युटरवर गाठ, मूत्राशय, गुदाशय, आतडं आखतात आणि उगमाने नळीत कुठे किती सेकंद थांबायचं ते ठरवतात. याला मावशीच्या वेळी सव्वा तास लागला. तो सगळा वेळ तिला न हलता उताणं पडून राहायचं होतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे साऱ्या उपचारात सर्वांत कठीण काही असेल तर तो सव्वा तास. कंबर आखडते, नाकाला खाज येते, आणि हलता येत नाही. ज्यांना जायचं आहे त्यांनी गुडघ्यांखाली उशी मागून घ्यावी आणि दुखायला लागलं तर लगेच सांगावं. वेदनेचं औषध वाढवता येतं.

त्यानंतर तिला जाड भिंतींच्या खोलीत नेलं. नळ्यांची बाहेरची टोकं मशीनला जोडली, सगळे बाहेर आले, जड दार बंद झालं, वर लाल दिवा लागला. मशीनच्या पोटात एका बारीक तारेच्या टोकाला इरिडियम-१९२ या किरण देणाऱ्या धातूचा तुकडा असतो, जेमतेम साडेतीन मिलीमीटर लांब, तांदळाच्या कणीएवढा. आधी मशीन एक खोटी तार पाठवून वाट मोकळी आहे ना ते बघतं. मग खरी तार जाते, ठरलेल्या जागी काही सेकंद थांबते, पुढच्या जागी सरकते, एका नळीतून निघून दुसरीत जाते. बाहेर पडद्यावर मावशी दिसत होती आणि मायक्रोफोनमधून तिचा आवाज येत होता. ती रामरक्षा म्हणत होती. एक पूर्ण झाली, दुसरी अर्ध्यावर आली आणि दिवा हिरवा झाला. नळ्या काढताना ती एकदाच कण्हली. संध्याकाळी आमच्याकडे येऊन तिने मऊ खिचडी खाल्ली.

तिसऱ्या वेळी मात्र ती घाबरली. पहिल्यांदा साडेआठ मिनिटं लागली होती, या वेळी साडेनऊच्या वर गेली. 'मला जास्त दिलं का गं?' इरिडियमची ताकद ७४ दिवसांत निम्मी होते, म्हणून दर आठवड्याला तेवढीच मात्रा द्यायला थोडा जास्त वेळ लागतो. मात्रा तीच होती, कणी थोडी थकली होती. याच कारणाने हॉस्पिटलांना दर तीन-चार महिन्यांनी ती कणी बदलावी लागते. कोबाल्ट-६० वर चालणारीही मशीन आहेत. कोबाल्टला निम्मं व्हायला सव्वापाच वर्षं लागतात, त्यामुळे तिथे ही धावपळ कमी.

घरी आल्यावर दुसरी भीती. माझ्या जावेचं बाळ तेव्हा सहा महिन्यांचं होतं, आणि मावशीला त्याच्याजवळ जाऊ द्यायचं की नाही यावर घरात कुजबुज सुरू झाली. मावशीने ती ऐकली आणि स्वतःहून मागच्या खोलीत जाऊन बसली. शेजारचे काका कैटमधून निवृत्त झालेले, म्हणजे आपल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातून. ते आले आणि आजींसकट सगळ्यांना बसवून म्हणाले, "सराफ्यात भट्टीपाशी उभं राहिलात तर अंग तापतं. पण भट्टी तुमच्याबरोबर घरी येते का?" इरिडियमची कणी मशीनमध्ये परत गेली की मावशीच्या अंगात काहीही उरत नाही. कणी परत गेली आहे हे खोलीतलं मोजयंत्र तपासतं, कर्मचारी पुन्हा हातातल्या यंत्राने तपासतात. तिने त्याच संध्याकाळी बाळाला मांडीवर घेतलं तरी चालतं. वेगळे कपडे नकोत, वेगळं ताट नको. आजारी बाईला ताट वेगळं मांडलेलं दिसलं की काय होतं, ते मी पाहिलं आहे.

एकेकाळी ही भीती खरी होती. मेरी आणि पिएर क्युरी यांना रेडियम १८९८ मध्ये सापडलं आणि काही वर्षांतच डॉक्टर ते गाठींवर ठेवून पाहू लागले. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलनेही १९०३ मध्ये एका डॉक्टरांना पत्र लिहून सुचवलं होतं की रेडियमचा कण काचेच्या नळीत बंद करून थेट कॅन्सरच्या पोटातच का ठेवू नये. कल्पना बरोबर होती. पण पुढची पन्नासेक वर्षं डॉक्टर आणि परिचारिका रेडियमच्या सुया आणि नळ्या स्वतः हाताळत राहिले, आणि कित्येकांची बोटं जळाली. रुग्णाला एक ते तीन दिवस एकटं पडून राहावं लागे. नंतर, १९५० आणि ६० च्या दशकांत, आधी रिकाम्या नळ्या बसवायच्या आणि उगम मागाहून भरायचा ही पद्धत रुळली, आणि पुढे तो भरण्याचं काम मशीनकडे गेलं. मावशीचा शेक दीड रामरक्षेत संपला तो त्यामुळे.

गर्भाशयाच्या मुखाखेरीज आतला शेक कुठे कुठे लागतो, हे ठरवताना डॉक्टर ढोबळमानाने हेच बघतात: गाठ एका जागी आहे का, मर्यादित आकाराची आहे का, तिथवर पोचता येतं का, आणि शेजारी काही नाजूक आहे का. चारही उत्तरं हो आली तर विचार होतो. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असेल तर गर्भाशय काढल्यानंतर योनिमार्गाच्या वरच्या टोकाला कॅन्सर परतण्याची शक्यता असते. तिथे एक गुळगुळीत दंडगोल ठेवून दोन-चार वेळा शेक देतात. भूल लागत नाही, काही मिनिटांचं काम.

तोंडाच्या कॅन्सरबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण गुटखा आणि सुपारीने आपल्या माळव्यात घरटी कोणी ना कोणी ओळखीचं नेलं आहे. तोंडात बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच पहिली. पण गाठ लहान असेल आणि ओठावर किंवा जिभेच्या कडेला असेल, तर गाठीतून बारीक प्लॅस्टिकच्या नळ्या ओवून आतून शेक देणं हा चांगला पर्याय ठरतो. नळ्या गोधडीच्या टाक्यांसारख्या समांतर, साधारण एकेक सेंटीमीटरवर. दोन्ही टोकांना बटणं, म्हणजे त्या सरकत नाहीत. रुग्ण काही दिवस त्या नळ्यांसह वॉर्डात राहतो. दिवसातून दोनदा, मध्ये किमान सहा तास सोडून, मशीनला जोडून शेक देतात. तेवढे दिवस नाकातल्या नळीने पातळ अन्न आणि पाटीवर लिहून बोलणं. बदल्यात जीभ शाबूत राहते, ओठ मिटतो, बोलणं पूर्वीसारखं राहतं. गाठ जबड्याच्या हाडाला लागून असेल तर मात्र हे टाळतात, कारण एवढ्या मात्रेने हाड कुजू शकतं.

स्तनाची गाठ काढल्यावर काही निवडक बायकांमध्ये गाठीच्या रिकाम्या जागेभोवतीच असा शेक देतात. अन्ननलिका गाठीने बंद झाली आणि पाणीही उतरेना, तर तोंडातून नळी घालून एक-दोन वेळा दिलेला शेक घास उतरवून देतो. तिथे हेतू बरं करण्याचा नसतो, माणसाला जेवता यावं एवढाच असतो, आणि तो हेतू मला लहान वाटत नाही. प्रोस्टेटमध्ये, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीत, किरण देणाऱ्या आयोडीन-१२५ च्या तांदळाएवढ्या बिया कायमच्या रोवून ठेवतात. त्यांची ताकद दर साठेक दिवसांनी निम्मी होत विझत जाते, म्हणून अशा आजोबांना पहिले दोनेक महिने नातवाला फार वेळ मांडीवर बसवू नका असं सांगतात. भारतात ही पद्धत अजून कमी चालते. डोळ्याचं काम सर्वांत नाजूक. लहान मुलांच्या डोळ्यातल्या रेटिनोब्लास्टोमा नावाच्या गाठीवर, किंवा मोठ्यांच्या डोळ्यातल्या मेलानोमावर, रुथेनियम-१०६ लावलेली वाटीसारखी छोटी चकती डोळ्याच्या गोलावर टाचून काही दिवस ठेवतात. बऱ्याचदा डोळा काढावा लागत नाही. ही चकती आता मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र बनवतं, आणि त्यातलं रुथेनियम अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनाच्या कचऱ्यातून वेगळं काढलेलं असतं.

आता दुसरा प्रकार, ज्यात किरण देणारा पदार्थ गोळीने किंवा सुईने पोटात, रक्तात जातो. इथे वर सांगितलेली भट्टीची गोष्ट लागू होत नाही. इथे भट्टी काही दिवस खरोखर बरोबर येते.

सर्वांत जुनं आणि सर्वांत सुंदर उदाहरण थायरॉइडचं. थायरॉइडच्या पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेतात, त्यांचा स्वभावच तो. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर या प्रकारच्या थायरॉइड कॅन्सरच्या पेशी हा स्वभाव बऱ्याचदा विसरत नाहीत, फुप्फुसात जाऊन बसल्या तरी. म्हणून ग्रंथी काढून टाकल्यावर, जिथे धोका जास्त आहे तिथे, आयोडीन-१३१ प्यायला देतात. पेशी ते स्वतःच गिळतात आणि आतून मरतात. छोट्या, कमी धोक्याच्या गाठीत आता हे अनेकदा देतच नाहीत. थायरॉइडच्याच मेड्युलरी प्रकाराच्या पेशी आयोडीन घेत नाहीत, त्यामुळे तिथे त्याचा उपयोग नाही.

पेशी भुकेल्या असाव्यात म्हणून आधी एक-दोन आठवडे आयोडीन तोडावं लागतं. सुदामा नगरातल्या माझ्या मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. आयोडीनचं मीठ बंद, म्हणजे बाहेरचं खारं सगळं बंद. म्हणजे शेव बंद! इंदूरच्या माणसाला पोह्यांवर शेव नाही, वरणभातावर शेव नाही, कचोरी नाही. दूध, दही, पनीर नाही, म्हणून श्रीखंडही गेलं. अंड्याचा बलक, मासे, बेकरीचा ब्रेड गेला. घरात बिनआयोडीनचं मीठ आणून भात, भाज्या, पोळी, फळं. सैंधव घ्यायचं तर पाकीट वाचून घ्या, त्यातही काही वेळा आयोडीन घातलेलं असतं. तिने भिंतीवर कॅलेंडर लावून चौदा दिवस खोडले.

मग खास खोलीत दोन-चार दिवस एकटं. औषध लघवी, घाम, लाळ यांतून बाहेर पडत राहतं, म्हणून त्या खोलीचं सांडपाणीही वेगळ्या टाक्यांत जातं आणि किरण विझेपर्यंत तिथेच साठवतात. भरपूर पाणी, बसून लघवी, दोनदा फ्लश, रोज अंघोळ. घरी आल्यावर काही दिवस वेगळं झोपणं, लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून अंतर. किती दिवस, ते मात्रेवर ठरतं आणि हॉस्पिटल लिहून देतं. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. गरोदर बाईला हे औषध कधीच देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईला स्तनपान आधीच थांबवावं लागतं, आणि उपचारानंतर किमान सहा महिने दिवस राहू द्यायचे नाहीत.

याच वाटेने पुढे बरंच काही आलं आहे. ल्युटेशियम-१७७ हे एका रेणूला बांधून सोडतात, आणि तो रेणू कॅन्सरच्या पेशीच्या दाराची खूण ओळखून तिथेच चिकटतो. न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या, गाठींत आणि पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ते वापरतात, पण आधी एका स्कॅनने बघतात की ती खूण त्या रुग्णाच्या गाठींवर आहे की नाही. नसेल तर देण्यात अर्थ नाही. यकृतातल्या गाठींसाठी यिट्रियम-९० चे सूक्ष्म मणी थेट यकृताच्या धमनीतून सोडतात.

आतला शेक कुठे नको, हेही सांगायला हवं. गाठ फार मोठी असेल तर नळीपासूनच्या अंतरात तिच्या कडा उपाशी राहतात. मावशीला आधी पाच आठवडे बाहेरून दिलं, त्यात गाठ आटणं हाही एक हेतू होता. कॅन्सर सगळीकडे विखुरला असेल तर एका जागी नळी ठेवून भागत नाही. रक्ताच्या कॅन्सरला नळी ठेवायला जागाच नाही. आणि भूल सोसणार नाही अशी हृदयाची अवस्था असेल, तर डॉक्टर दुसरा मार्ग शोधतात.

नंतरच्या त्रासाबद्दल बायका विचारत नाहीत आणि डॉक्टरांना वेळ नसतो, म्हणून स्पष्ट लिहिते. काही आठवडे लघवीला जळजळ होते, पोट बिघडतं, ते बहुधा जातं. काही महिन्यांनी, कधी वर्षा-दोन वर्षांनीही, शौचातून थोडं रक्त दिसू शकतं. ते दिसलं की मूळव्याध म्हणून घरगुती औषध करू नका, रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवा. योनिमार्ग कोरडा होतो आणि आकसतो. त्यासाठी डायलेटर नावाची गुळगुळीत कांडी मिळते, ती आठवड्यातून दोन-तीन वेळा काही मिनिटं वापरायची असते. नवऱ्याशी संबंध असोत वा नसोत, ती वापरायला सांगतात, कारण मार्ग बंद झाला तर पुढच्या तपासण्याच करता येत नाहीत. मावशी अठ्ठावन्न वर्षांची. तिला हे सांगताना मीच अवघडले होते. ती म्हणाली, "आण ती कांडी. एवढं सोसलं, आता लाजून काय करू?" पाळी चालू असलेल्या बायकांची पाळी या उपचारात कायमची थांबते, हेही आधी माहीत असावं.

कोणाच्या घरी आत्ता बाहेरचा शेक चालू असेल, तर उद्याच ओपीडीत विचारा: आतला शेक लागणार आहे का, किती वेळा, कोणत्या तारखेपासून, आणि याच हॉस्पिटलात होतो का. शेकाचं मशीन असलेल्या प्रत्येक ठिकाणी ब्रॅकीथेरपी असतेच असं नाही. नसेल तर कुठे पाठवणार, ते पहिल्याच आठवड्यात ठरवून घ्यावं. आयुष्मान कार्डात ब्रॅकीथेरपीची वेगळी पॅकेजेस आहेत. हॉस्पिटलातल्या आयुष्मान मित्राकडून मंजुरी आधीच घेऊन ठेवली तर ऐन वेळी दिवस वाया जात नाहीत. आणि कागदावर न कळणारी अक्षरं असतील तर तिथल्या तिथे वाचून घ्या. काउंटरवरची रांग थांबली तरी थांबू दे.

मावशीला चार वर्षं झाली. दर सहा महिन्यांनी ती देवासहून तपासणीला येते, आदल्या रात्री आमच्याकडे मुक्काम करते. लघवीला तिला अजून वारंवार जावं लागतं, म्हणून बसमध्ये ती दाराजवळची जागा धरते. जावेचं ते बाळ आता बालवाडीत जातं. मावशी आली की ते आधी तिच्या पिशवीत हात घालून देवासहून काय आणलंय ते बघतं.